नृत्यशिक्षणातील प्रगतिशील विचार

शिक्षकाने करून दाखवायचे आणि विद्यार्थ्याने ते हुबेहूब उचलायचे, या रूढ रीतीऐवजी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अनुभवातून नृत्य शिकवण्याची पद्धत. माणूस करून पाहतो, परिणाम पारखतो आणि त्यातून शिकतो, हा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांचा विचार तिच्या मुळाशी आहे.

नृत्यात हा विचार रुजवला मार्गारेट ह'डोब्लर (१८८९–१९८२) यांनी. त्या मूळच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी. विस्कॉन्सिन विद्यापीठात बास्केटबॉल शिकवत. रंगमंचावरच्या नर्तकी त्या कधीच नव्हत्या, आणि हेच त्यांच्या पद्धतीच्या पथ्यावर पडले असे म्हणता येईल. न्यूयॉर्कमधील शिक्षणानंतर १९१७ मध्ये त्यांनी नृत्याचे वर्ग सुरू केले. त्या विद्यार्थिनींना आधी जमिनीवर झोपवत. तोल सांभाळण्याची चिंता मिटली, की सांधा कुठवर वळतो, पाठीचा कणा कसा गुंडाळतो आणि उलगडतो, याकडे लक्ष जाते. हाडांचा सांगाडा वर्गात असे. नक्कल करण्याजोगा नमुना मात्र त्या देत नसत. १९२६ मध्ये याच विद्यापीठात अमेरिकेतील नृत्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे नृत्यप्रयोगांसाठी ख्याती मिळवलेल्या ॲना हॅल्प्रिन त्यांच्याच विद्यार्थिनी. इंग्लंडमधील शाळांत नृत्यविचारवंत रुडॉल्फ लाबान यांच्या हालचालविचाराने अशीच वाट रुंदावली.

अशा वर्गात पाठ बहुधा प्रश्नाने सुरू होतो: शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर किती तऱ्हांनी नेता येईल? कोणी घसरत नेतो, कोणी उडी घेतो, कोणी पडता पडता सावरतो. मग मुले एकमेकांचे पाहतात, बोलतात, पुन्हा करतात. उडीनंतर गुडघा का वाकवावा, हे सांगायची वेळ येते तेव्हा त्याची गरज मुलाला आधीच जाणवलेली असते. तंत्र येथे असे गरजेपोटी येते, म्हणून अंगी मुरते.

‘मनाला येईल तसे नाचा’ असा या पद्धतीचा अर्थ लावणे चूक आहे. प्रत्येक अनुभव शिकवणारा नसतो, असे ड्यूईंनीच १९३८ मध्ये बजावले होते. योग्य प्रश्न योग्य वेळी पुढे ठेवायला शिक्षकाला शरीररचनेची आणि लयीची पक्की जाण लागते. ठरवून दिलेला क्रम घोटून घेण्यापेक्षा हे काम कठीण आहे. परंपरेने बांधलेल्या नृत्यशैलींत अनुकरण पूर्णपणे टाळता येत नाही. तिथेही ठरलेली मुद्रा शिकवल्यावर भार कुठे आहे, श्वास कुठे अडतो, हे विद्यार्थ्यालाच शोधायला लावता येते.