हवामानबदलाविषयीचा राजकीय अपप्रचार (अमेरिका)

तापमानवाढीबद्दल विज्ञानाने सिद्ध केलेल्या गोष्टी राजकीय सोयीसाठी नाकारणे, त्यांविषयी मुद्दाम शंका पेरणे किंवा उपायांचीच बदनामी करणे. अमेरिकेत हा प्रकार रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक पक्षांतल्या दरीशी इतका जोडला गेला आहे की ती दरी मुळापासूनचीच वाटावी. तशी ती नव्हती. जून 1988 मध्ये नासाचे जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीसमोर तापमानवाढ सुरू झाल्याची साक्ष दिली. त्याच वर्षी रिपब्लिकन उमेदवार थोरले जॉर्ज बुश यांनी ‘ग्रीनहाऊस इफेक्ट’ला (वातावरणातल्या वायूंनी उष्णता अडकवून ठेवण्याला) ‘व्हाइट हाऊस इफेक्ट’ने उत्तर देऊ, अशी कोटी करत मते मागितली. 1990 चा आम्लवर्षाव रोखणारा कायदाही दोन्ही पक्षांच्या पाठिंब्यावर झाला.

विज्ञान खोटे पाडणे अवघड. ते अजून ‘अनिश्चित’ आहे असे म्हणत राहणे सोपे. 1998 मध्ये अमेरिकेतल्या तेल उद्योगाच्या संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेल्या एका मसुद्यात, हवामानशास्त्रातल्या अनिश्चितता सामान्य नागरिकाला ‘समजतील’ तेव्हा आपण जिंकलो, असे चक्क लिहिले होते. धाकट्या बुश यांच्या पहिल्या कारकिर्दीत प्रचारतज्ज्ञ फ्रँक लुंट्झ यांनी रिपब्लिकनांना हाच सल्ला दिला. शिवाय ‘जागतिक तापमानवाढ’ऐवजी ‘हवामानबदल’ म्हणा, तो शब्द कमी भीतिदायक आहे, असेही सुचवले. 2019 मध्ये त्यांनी सिनेटर्ससमोर आपली चूक कबूल केली.

या अपप्रचाराचा सर्वांत गाजलेला प्रसंग 26 फेब्रुवारी 2015 चा. ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहोफ यांनी सभागृहात प्लास्टिकच्या पिशवीतून बर्फाचा गोळा काढला, बाहेर किती थंडी आहे ते पाहा म्हणाले आणि गोळा भिरकावला. महिना फेब्रुवारी, गाव वॉशिंग्टन! शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका गोळ्यावरून हवामानाची करायला निघालेले हे गृहस्थ तेव्हा सिनेटच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते.

पुढे रोख विज्ञानाकडून उपायांकडे वळला. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सास गोठले, लाखो घरे अंधारात गेली आणि खापर पवनचक्क्यांवर फुटले. हेलिकॉप्टरने पात्यांवरचा बर्फ काढतानाचा एक फोटो तेव्हा सगळीकडे फिरला; तो स्वीडनमधला, काही वर्षांपूर्वीचा होता. पवनचक्क्या काही प्रमाणात गोठल्या हे खरे, पण विजेची सर्वांत मोठी तूट नैसर्गिक वायूवरच्या केंद्रांची आणि वायूच्या पुरवठ्याची होती.

दोन्ही पक्षांनी मिळून काही करण्याच्या शक्यतेचा इतिहास मात्र सरळ रेषेत जात नाही. रिपब्लिकन जॉन मॅकेन आणि डेमोक्रॅट जो लीबरमन यांचे उत्सर्जनमर्यादेचे विधेयक 2003 मध्ये 43 विरुद्ध 55 मतांनी पडले. दक्षिण कॅरोलायनाचे रिपब्लिकन प्रतिनिधी बॉब इंग्लिस यांनी कार्बन कराची (कार्बन उत्सर्जनावरच्या कराची) बाजू घेतली आणि 2010 मध्ये ते स्वतःच्याच पक्षाच्या, उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत आपटले. हवामानाची भूमिका हे त्यामागचे एक कारण होते. इतरांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

जिथे ‘हवामान’ हा शब्द मागे राहिला आणि कारखाने, यंत्रे, शेती पुढे आली, तिथे मात्र एकी दिसली. एसी आणि फ्रीजमधले, तापमान वाढवणारे एचएफसी वायू कमी करणाऱ्या किगाली दुरुस्तीला (ओझोन थर वाचवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या बदलाला) सिनेटने सप्टेंबर 2022 मध्ये 69 विरुद्ध 27 मतांनी मान्यता दिली. पर्यायी वायू बनवणाऱ्या अमेरिकी उद्योगालाच ती हवी होती. अणुऊर्जेला चालना देणारा 2024 चा कायदाही असाच सहज पार पडला.

त्याउलट, ऑगस्ट 2022 मध्ये स्वच्छ ऊर्जेला करसवलती देणारा मोठा कायदा सिनेटमध्ये 51 विरुद्ध 50 असा, एकाही रिपब्लिकन मताविना आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मतावर निभावला. त्यातून आलेली बरीच गुंतवणूक रिपब्लिकन मतदारसंघांत गेली, म्हणून मार्च 2025 मध्ये त्या पक्षाच्या काही प्रतिनिधींनी सवलती टिकवाव्यात असे पत्र लिहिले. जुलैमध्ये त्यातल्या बहुतेकांनी सवलती छाटणाऱ्या विधेयकालाच मत दिले. सिनेटमध्ये आकडा पुन्हा 51 विरुद्ध 50. निर्णायक मत या वेळी उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचे.