शाळेच्या आरोग्य तपासणीनंतर चिठ्ठी मिळाली? मोफत उपचारांसाठी कागदपत्रं कुठे अडतात ते आधी वाचा

शाळेत डॉक्टरांची गाडी येते, मुलांची उंची-वजन होतं, डोळे, कान, दात, छाती तपासली जाते आणि काही मुलांच्या हातात पुढच्या तपासणीची चिठ्ठी पडते. तिथून मोफत शस्त्रक्रियेपर्यंत जाण्याची सोय सरकारने केलेली आहे. तरीही दरवर्षी अनेक मुलं अध्येमध्ये गळतात, आणि बहुतेक वेळा ती कागदापायी गळतात. म्हणून सोप्या गोष्टी थोडक्यात सांगते आणि जिथे माणसं अडकतात तिथे जरा थांबते.

ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा पथक येतं. पथकात एक पुरुष आणि एक महिला वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. जन्मजात व्यंग, रक्तक्षय आणि जीवनसत्त्वांची कमतरता, लहानपणचे आजार, वाढीतला उशीर आणि अपंगत्व हे सगळं ते बघतात. यासाठी अर्ज नाही, फी नाही. मूल त्या दिवशी शाळेत हजर असणं एवढंच लागतं. गैरहजर राहिलं तर वर्ष वाया गेलं असं समजू नका. पथक तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं असतं, तिथे मुलाला घेऊन जा.

आता चिठ्ठी. ती मुलाच्या दप्तरात राहते, पावसात भिजते, किंवा मूल मार बसेल या भीतीने घरी दाखवतच नाही. वर्गशिक्षकांना कळकळीची विनंती आहे: चिठ्ठी मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नका, त्याच दिवशी घरी फोन करा. पालकांनी पहिलं काम करावं ते चिठ्ठीचा फोटो काढून ठेवण्याचं. चिठ्ठी हरवली तरी पथकाच्या नोंदवहीत मुलाचं नाव असतं, त्यामुळे दुसरी मागता येते. नोंदवहीतला मोबाईल नंबर मात्र चालू असला पाहिजे. हृदयाच्या मुलांसाठी जिल्हा रुग्णालयात टू-डी इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, शिबिर ठेवतात आणि त्याची तारीख फोनवरच कळवली जाते. रिचार्ज संपलेला किंवा ऊसतोडीला गेलेल्या वडिलांचा नंबर दिलेला असेल तर निरोप पोचत नाही, आणि कागदावर ‘पालक आले नाहीत’ असा शेरा पडतो. दोन नंबर द्या. एक गावातच राहणाऱ्या माणसाचा असू द्या.

चिठ्ठी घेऊन आधी तालुक्याला आणि गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अशा मुलांच्या पुढच्या तपासणी-उपचाराच्या विभागात, जायचं. चष्मा, दात, कान फुटणं, रक्तक्षय अशी कामं तिथल्या तिथे होतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

खरी अडचण मोठ्या शस्त्रक्रियेला येते. हृदयाला छिद्र असेल तर मुलाला बहुधा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मोठ्या रुग्णालयात पाठवतात. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पिवळं, केशरी आणि आता पांढरंही रेशनकार्ड चालतं. रंगावरून तुम्हाला कुणी परत पाठवत असेल तर तो जुना नियम सांगतोय.

कागदपत्रं दोनच: रेशनकार्ड आणि मुलाचं फोटो असलेलं ओळखपत्र. ऐकायला सोपं वाटतं, पण बरीच मुलं इथेच अडतात, कारण रेशनकार्डावर मुलाचं नावच नसतं. मूल जन्मलं तेव्हा कुणी तहसीलला गेलं नाही. कधी आजोबांच्या कार्डावर सगळं कुटुंब आहे आणि वेगळं राहणाऱ्या मुलाने कार्ड विभक्त केलेलं नाही. कधी आईचं नाव अजून माहेरच्या कार्डावरून कमीच झालेलं नाही, म्हणून सासरी चढत नाही, आणि आईचंच नाही तर लेकराचं कुठून चढणार! धान्य मिळतंय तोवर हे कुणाला जाणवत नाही. शस्त्रक्रियेची तारीख आली की जाणवतं.

नाव चढवायला मुलाचा जन्मदाखला, आधार आणि मूळ कार्ड घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा लागतो. तिथे ‘साइट बंद आहे, पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकायची तयारी ठेवा, पण अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. मूल आजारी असल्याचं सांगा, जिल्हा रुग्णालयाचा कागद अर्जाला जोडा. ज्याचं लेकरू धापा टाकतंय त्या बापाला तीन खिडक्या फिरवणं हा कारभार नव्हे. निदान हा कागद पाहून तरी फाईल वर घ्यायला हवी. आणि नाव चढलं असं तोंडी सांगितलं तर ऑनलाइन कार्डाची प्रत काढून डोळ्यांनी बघा. छापील कार्डावर पेनने लिहिलेलं नाव संगणकात नसेल तर रुग्णालयात उपयोग नाही.

दुसरा घोळ नावाच्या स्पेलिंगचा. शाळेत ‘वैष्णवी’, आधारवर ‘वैशनवी’, कार्डावर घरचं नाव ‘चिमी’. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची नोंद करणाऱ्या माणसाला, संगणकावर नाव जुळवावं लागतं, तो मनाने काही करू शकत नाही. म्हणून चिठ्ठी मिळाल्याच्या आठवड्यातच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. आधार लहानपणी काढलेलं असेल तर मुलाला ५ वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे द्यावे लागतात. ते राहिले असतील तर आधी आधार केंद्र गाठा. आधारचं काम अडलंच तर शाळेचं फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन आरोग्यमित्राला विचारा. मुख्याध्यापकांकडून शिक्का मारलेलं बोनाफाईड बरोबर ठेवा, त्यावरही फोटो लावून घ्या.

मूळ कागद न्या, झेरॉक्सवर विसंबू नका. आई किंवा वडील यांपैकी एकाने जातीने जायला हवं. शस्त्रक्रियेच्या संमतीवर पालकाची सही लागते, आणि आजी किंवा मामा प्रेमाने घेऊन गेले तरी तिथे काम अडतं. आईवडील दोघंही नसतील तर पालकत्वाचा कागद कोणता चालेल ते निघण्याआधी विचारून घ्या.

योजना अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयातच चालते, आणि तेही त्या आजाराच्या विभागासाठी अंगीकृत असलं पाहिजे. मोठं नाव ऐकून थेट गेलात, आगाऊ रक्कम भरलीत आणि मग योजनेचं विचारलंत, तर ते पैसे परत मिळण्याची आशा धरू नका. आधी आरोग्यमित्राच्या खिडकीवर नोंद, मग मंजुरी, मग भरती. हा क्रम मोडू नका. तुमच्या मुलाची शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत नाही असं सांगितलं तरी घरी परतू नका. जिल्हा रुग्णालयातल्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या समन्वयकाला भेटा आणि दुसरी कोणती वाट आहे ते विचारा.

वयाबद्दल दोन गैरसमज फार महागात पडतात. पहिला बारावीच्या मुलांचा. कार्यक्रम १८ वर्षांपर्यंत आहे, म्हणून ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ असं म्हणत वाढदिवस उलटू देऊ नका. दुसरा त्याहून वाईट. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला ‘शाळेत गेलं की बोलेल’ म्हणून थांबवतात. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेत अशा मुलाच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) वयाची मर्यादा ५ वर्षं आहे. पहिलीत तपासणी होईपर्यंत ती उलटलेली असते. अंगणवाडीतल्या तपासणीला म्हणूनच फार महत्त्व आहे. हाक मारल्यावर मूल वळत नसेल तर पथकाची वाटही बघू नका, थेट जिल्हा रुग्णालय गाठा. तिरळ्या डोळ्याचंही तेच, जितका उशीर तितकी नजर गमावण्याची भीती जास्त.

विनाअनुदानित खासगी शाळेत हे पथक सहसा येत नाही. त्या मुलांनी पालकांबरोबर सरकारी रुग्णालयात जावं, केसपेपर काढावा. पुढचा रस्ता आणि रेशनकार्डाची गोष्ट त्यांनाही तीच आहे.

कुठेही ‘बसत नाही’ असं उत्तर मिळालं तर कोणता कागद कमी आहे ते लिहून मागा. लिहून देत नसतील तर १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावर तिथूनच, त्या खिडकीसमोर उभं राहून फोन लावा, रुग्णालयाचं नाव सांगा आणि तक्रारीचा नंबर चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या.