क्वार्टरबॅकचे रेटिंग नेमके काय मोजते?

अमेरिकेतील महाविद्यालयीन स्तरावरच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये 2016 साली टेक्सास टेक विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (चाली चालवणारा आणि पास फेकणारा मुख्य खेळाडू) पॅट्रिक माहोम्स याने 591 पास फेकून 5052 यार्ड मिळवले आणि त्याचे पासर रेटिंग (पास फेकण्याच्या कामगिरीचे गुण) 157 भरले. 2019 साली नेव्हीच्या (अमेरिकी नौदल अकादमीच्या) क्वार्टरबॅक माल्कम पेरीने अख्ख्या हंगामात अवघे 86 पास फेकले, तरी त्याचे रेटिंग 181.6 होते. पेरी अधिक सरस पासर होता, असे त्याचे चाहतेही म्हणणार नाहीत.

या रेटिंगचे सूत्र असे: यार्डांना 8.4 ने, टचडाउन पासांना (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणाऱ्या पासांना) 330 ने आणि सहकाऱ्यांनी झेललेल्या पासांना 100 ने गुणून बेरीज करायची, प्रत्येक इंटरसेप्शनमागे (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या पासामागे) 200 वजा करायचे आणि उत्तराला एकूण फेकींनी भागायचे. 1965 ते 1978 या काळातील सरासरी पासरला 100 गुण पडावेत, अशा बेताने हे गुणक बसवलेले आहेत. आता 100 ला 8.4 ने भागले की गंमत दिसते: पास नुसता झेलला गेला तरी सुमारे 12 यार्डांचे श्रेय पदरात पडते. जवळच्या खेळाडूकडे टाकलेला स्क्रीन पास चार यार्ड पुढे गेला, तर त्या फेकीला 133.6 गुण मिळतात. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) दहा यार्ड हवे असताना हाच पास कुचकामी ठरतो, पण सूत्राला त्याचा पत्ताच नसतो. माहोम्सच्या एअर रेड पद्धतीत अशा आखूड पासांची रेलचेल असते. पेरीची ट्रिपल ऑप्शन पद्धत याच्या अगदी उलट आहे. तिच्यात चेंडू बहुतेक वेळा पळतच नेला जातो (पेरीने त्या हंगामात 2017 यार्ड धावून मिळवले), त्यामुळे बचावपटू पुढे सरकून उभे राहतात आणि क्वचित फेकलेला पास त्यांच्या डोक्यावरून मोकळ्या सहकाऱ्याकडे जातो. पेरीला दर फेकीमागे 12.6 यार्ड मिळाले, ते अशा निवडक प्रसंगांतून. शिवाय महाविद्यालयीन नोंदींत सॅकमुळे (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्यामुळे) गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात. म्हणजे चेंडू फार वेळ धरून बसणाऱ्याच्या रेटिंगला धक्काही लागत नाही.

त्यापेक्षा फेकीचे अंतर, डाउन, हवे असलेले यार्ड आणि बचावफळीची ताकद पाहून सरासरी क्वार्टरबॅककडून काय अपेक्षित होते ते काढावे आणि प्रत्यक्ष निकालातून वजा करावे. अर्थात 86 फेकींवरून असा अंदाज बांधताना चुकीची शक्यता मोठी राहते.

ड्राफ्ट (व्यावसायिक संघांकडून होणारी नव्या खेळाडूंची निवड) जवळ आला की पंडित मात्र पत्रिका पाहिल्याच्या थाटात ‘सिस्टिम क्वार्टरबॅक’ (स्वतःच्या कुवतीपेक्षा संघाच्या पद्धतीमुळे चमकणारा) असा शिक्का मारून मोकळे होतात. टेक्सास टेकच्याच ग्रॅहम हॅरेलने 2007 साली 5705 यार्ड मिळवले होते, तरी ड्राफ्टमध्ये त्याला कोणत्याही संघाने निवडले नाही. त्याच एअर रेड परंपरेतला माहोम्स 2017 साली दहाव्या क्रमांकावर निवडला गेला.