कार्बोरेटर भट्टीत घालण्यापूर्वी

आरएक्स १००, जुनी बुलेट किंवा येझदी नव्याने उभी करताना टाकी, चेसिस, रिम सगळं चकाचक होऊन येतं. इंजिनात जाणारी हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर मात्र तसाच राहतो: काळवंडलेला, खाचांमध्ये पांढरी भुकटी धरलेला. ही भुकटी म्हणजे बहुधा जस्ताचा गंज. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस ६ नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर हद्दपार झाला, त्यामुळे जुना जपायचा तर त्यावर काहीतरी आवरण हवं असं वाटणं साहजिक आहे. साधा स्प्रे पेंट पेट्रोलच्या दोन ओघळांत निघून येतो. मग नजर वळते पावडर कोटिंगकडे. हे काम घरी जमतं, पण त्यात रंग मारणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते कुठे मारायचा नाही हे ठरवणं.

ही पावडर म्हणजे थिनर नसलेला रंग. पॉलिस्टर किंवा इपॉक्सी राळ, रंगद्रव्य आणि रेणूंना एकमेकांशी जोडणारं रसायन एकत्र वितळवून, थंड करून दळतात. कण साधारण ३० ते ४० मायक्रॉनचे असतात. पूड उडवणाऱ्या गनच्या टोकाशी हजारो व्होल्ट असतात. तिथून जाणाऱ्या कणांवर विद्युतभार चढतो आणि अर्थिंग केलेल्या धातूकडे ते ओढले जातात. भट्टीत पूड आधी वितळून पसरते, मग रेणूंचं जाळं विणलं जातं. कच्चं अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे आवरणही पुन्हा वितळत नाही.

पूड लागते किती? ७० मायक्रॉन जाडीचा थर आणि दर घन सेंटिमीटरला दीड ग्रॅम घनता धरली, तर एका चौरस मीटरला सुमारे १०५ ग्रॅम. छोट्या कार्बोरेटरचा बाहेरचा पृष्ठभाग तीनशे चौरस सेंटिमीटर धरला तर अंगावर बसते जेमतेम तीन ग्रॅम. आजूबाजूला उडणारी धरूनही पन्नास ग्रॅम पुष्कळ होते. एका कार्बोरेटरसाठी किलोभर पुडा आणलात, तर उरलेली पूड पुढच्या पावसाळ्यात गठ्ठे होऊन वाया जाणार.

सुरुवात धातू ओळखण्यापासून. बरेच जुने कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, काही ॲल्युमिनियमचे. काळवंडल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे), स्क्रू, फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग), स्लाइड (मूठ फिरवली की वरखाली होऊन हवेची वाट उघडणारा भाग) सगळं काढून रिकामी बॉडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि बॉडी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला टेकू द्यायची नाही, आणि भोकांतले बुडबुडे हलवून काढायचे. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं तिचं आकारमान घन सेंटिमीटरमध्ये. बॉडी ३३० ग्रॅमची आणि बुडवल्यावर आकडा ५० आला, तर घनता ६.६ म्हणजे जस्त. १३५ ग्रॅमला ५० आला, तर २.७ म्हणजे ॲल्युमिनियम.

एवढा खटाटोप करायचा कारण जस्ताला भट्टी झेपत नाही. हा मिश्रधातू ३८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो, आणि पावडर पिकवायची असते १८० ते २०० अंशांना. केल्व्हिनमध्ये मोजलं तर २०० अंशांना हा धातू त्याच्या वितळणबिंदूच्या सत्तर टक्क्यांपुढे गेलेला असतो. घन असतो, पण नरम पडलेला. त्यातून ही डायकास्टिंगची वस्तू: वितळलेला धातू प्रचंड दाबाने क्षणार्धात साच्यात मारलेला, आणि त्याबरोबर थोडी हवाही आत कोंडलेली. बॉडी खोलीच्या तापमानावरून २०० अंशांवर गेली की त्या हवेचा दाब दीडपटीहून अधिक होतो. वरची कातडी नरम झालेली असतेच. मग धातूलाच फोड येतो. तो घासून जात नाही आणि पॅकिंगच्या जागी आला तर बॉडी भंगारात.

दुसरा दोष यासारखाच दिसतो, पण कारण वेगळं. ओतीव धातूची काही छिद्रं पृष्ठभागावर उघडी असतात आणि त्यांत वर्षानुवर्षांचं तेल, पेट्रोल, ओल मुरलेली असते. भट्टीत त्यांची वाफ वितळलेल्या रंगातून बुडबुडत बाहेर येते आणि थरावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. यावर उपाय आहे: रंग मारण्याआधी कोरडी बॉडी पिकवण्याच्या तापमानापेक्षा दहा अंश जास्त तापमानाला ४५ मिनिटं ते तासभर भाजायची, थंड झाल्यावर ॲसिटोनने पुसायची आणि मगच पूड मारायची. फोड यायचाच असेल तर तोही याच फेरीत येतो, रंग वाया जात नाही. जस्तासाठी १६० अंशांना पिकणारी ‘लो बेक’ पावडर मागून घ्या आणि कोरडी भाजणी १७० वर करा. ॲल्युमिनियमला २०० अंश चालतात.

मात्र भाजणीआधी स्वच्छता पूर्ण हवी, आणि पेट्रोलचा वास येणारी वस्तू भट्टीत कधीही ठेवू नये. केरोसीनने धुवा, मग गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण, मग हवा मारून एक दिवस वाळवा. ॲसिडला हात लावू नका. याच कारणासाठी बॉडी खिडक्यांच्या ग्रिल रंगवणाऱ्या कारखान्यातही डोळे झाकून देऊ नये. तिथे ‘सेव्हन टँक’ पद्धतीत गंज काढायला बहुधा ॲसिडच्या टाकीत बुडवतात. लोखंडी ग्रिलला ते योग्यच, पण जस्त ॲसिडमध्ये फसफसून विरघळतं, आणि आतल्या बारीक वाटांत अडकलेलं ॲसिड नंतरही खात राहतं.

सँडब्लास्टिंगचा मोह मोठा असतो. पण मूठ सोडल्यावर इंजिन चालतं ठेवणाऱ्या स्लो स्पीडच्या वाटेचं तोंड एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, आणि ती वाट बॉडीत काटकोनात वळून पुढे ठोकून बसवलेल्या बुचापाशी संपते. काचेचे शंभर-दीडशे मायक्रॉनचे मणी तिथे एकदा शिरले की हवा मारून निघतीलच असं नाही. ब्लास्टिंग करायचंच तर आधी प्रत्येक भोक बंद करा. नाहीतर नायलॉनचा ब्रश आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर पुरे. पावडरला पकडायला जरासा खरखरीतपणाच लागतो.

आता झाकाझाक. दोन तासांच्या कामातला दीड तास इथेच जातो, आणि जायला हवा. स्लाइड जिथे वरखाली होते त्या नळीत आणि स्लाइडमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांचंच अंतर असतं. पावडरचा थर ०.०६ ते ०.०८ मिलिमीटर. म्हणजे नळीत एका बाजूला थर चढला तरी स्लाइड अडकणार, आणि अडकलेली स्लाइड म्हणजे मूठ सोडली तरी न उतरणारं ॲक्सिलरेटर. तिथे सिलिकॉनचा निमुळता बूच घट्ट बसवा. व्हेंच्युरीच्या, म्हणजे हवा जाते त्या मुख्य नळीच्या, दोन्ही तोंडांनाही तसेच बूच. आटे असलेल्या प्रत्येक भोकात जुना, टाकाऊ स्क्रू हलका फिरवून ठेवा, आवळायचा नाही. पेट्रोल साठणाऱ्या खालच्या वाटीची पॅकिंगची कड, वरच्या झाकणाची बैठक, इंजिनकडच्या फ्लँजचा सपाट भाग आणि ओ रिंगची खाच यांना पावडर कोटिंगची हिरवी पॉलिस्टर टेप किंवा पॉलिइमाइडची पिवळसर टेप लावा. दुकानातली साधी मास्किंग टेप भट्टीत करपते आणि तिचा गोंद धातूवर भाजून बसतो. पितळेच्या ठोकून बसवलेल्या नळ्या काढू नका, तोंडं बंद करून राहू द्या.

फ्लोटच्या वाटीच्या आत रंग नको म्हणजे नको. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि दिवसरात्र त्यात बुडालेलं आवरण मऊ पडून सुटू शकतं. सुटलेला एक पापुद्रा मेन जेट बंद करायला पुरतो.

हौशी कामासाठीच्या छोट्या गनला हवा लागते थोडी, ५ ते १० पीएसआय दाबाची, पण ती कोरडी हवी. जुलैत कोकणात किंवा मुंबईत काँप्रेसरच्या टाकीत रोज पाणी साठतं. वॉटर सेपरेटर नसेल तर पूड गनमधून थुंकल्यासारखी गुठळ्यांनी येते. अर्थिंगची वायर बॉडीच्या उघड्या धातूला लागली पाहिजे. बॉडी टांगायच्या हुकावर मागच्या वेळचा भाजलेला थर असेल तर तो विजेला अडवतो आणि पूड चिकटतच नाही. ‘गन बिघडली’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा असा हुक असतो.

एवढं करूनही आतल्या कोपऱ्यांत धातू उघडा दिसतो. मायकल फॅरडेने १८३६ मध्ये दाखवून दिलं की पोकळ वाहकाच्या आत विद्युतक्षेत्र पोचत नाही. कार्बोरेटरच्या दोन कानांमधली खोल खाच हा अशाच पिंजऱ्याचा छोटा अवतार: कण आत जायच्या आधी काठावरच ओढले जातात. म्हणून खाचा आधी मारायच्या, व्होल्टेज कमी करता येत असेल तर कमी करून, हळू हवेने. सपाट भाग नंतर. कोपरा भरेना म्हणून पूड मारतच राहिलं, तर काठावरच्या जाड थरात भार साचून नवे कण ढकलले जातात आणि तिथे संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. यावेळी धूळ नाकात जाऊ नये म्हणून एन ९५ मास्क हवा. जवळ गॅस, निरंजन, चालू हीटर काही नको. हवेत दाटलेली ही पूड ठिणगीने पेट घेते. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढू नका, त्याच्या मोटरमध्येही ठिणग्या असतातच.

भट्टी म्हणून ३०-४० लिटरचा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, चालतो. पण तो कायमचा या कामाला. पुन्हा त्यात नानकटाई भाजायची नाही. बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बॉडीला टेकवून ठेवा. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर हमखास कमी आकडा दाखवतो. वेळ मोजायची ती धातू ठरलेल्या तापमानाला पोचल्यापासून, ओटीजी पोचल्यापासून नव्हे. जस्ताची जाड बॉडी सहज पंधरा-वीस मिनिटं मागे असते. पावडरच्या पुड्यावर ‘१६० अंश, २० मिनिटं’ लिहिलं असेल तर ती वीस मिनिटं तिथून पुढची. ओटीजीची वरची तापणारी कांडी अगदी जवळ असेल तर मध्ये पत्रा ठेवा, नाहीतर पांढरा रंग तेवढ्याच भागात पिवळा पडतो.

बाहेर काढल्यावर, बॉडी कोमट असतानाच टेपच्या कडेने ब्लेडची हलकी रेघ मारून टेप काढा. पूर्ण थंड झाल्यावर ओढली तर कडेचा रंगही कपच्यांनी येतो. मग चाचणी: ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापडाने आतल्या बाजूच्या एखाद्या कोपऱ्यावर पंचवीसदा घासा. चमक किंचित उतरली तर ठीक. कापडाला रंग आला तर भाजणी कच्ची राहिली, पुन्हा भट्टीत.

पहिल्याच फेरीत बॉडीला हात घालू नये हे बरं. वरचं झाकण आणि वाटीची बाहेरची बाजू यांवर हात बसवा. बिघडली तरी या दोन गोष्टी बदलून मिळतात, आणि गाडीवर बसल्यावर डोळ्यांत भरतात त्याही याच.

जोडणीआधी प्रत्येक वाटेत कार्ब क्लीनरची नळी लावून फवारा दुसऱ्या तोंडातून सरळ बाहेर येतोय का ते पाहा. इंजिन सुरू केल्यावर, गरम होईल तसं स्लो स्पीड आपोआप चढत गेलं तर हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या एअर स्क्रूशी खेळत बसू नका. फ्लँजच्या सांध्यावर कार्ब क्लीनरचा लहानसा फवारा मारा, सायलेन्सरपासून दूर. इंजिनचा आवाज बदलला तर हवा तिथून शिरतेय: टेपखालून सरकलेली पावडर फ्लँजवर बसली आहे. काचेवर ४०० नंबरचा पेपर चिकटवून, फ्लँज त्यावर सपाट धरून आठाच्या आकड्यात फिरवा, उघडा धातू सगळीकडे सारखा दिसेपर्यंत. मग वाटा पुन्हा धुवा, ओ रिंग नवी घाला.