शून्य मशागतीच्या शेतातील जमीन दबणे

ट्रॅक्टर, पेरणी यंत्र व मळणीची अवजड यंत्रे यांच्या वजनाने मातीतील हवा-पाण्याच्या पोकळ्या चेपल्या जाणे, म्हणजे जमीन दबणे. नांगरटीच्या शेतात वरचा दबलेला थर दरवर्षी फोडला जातो. शून्य मशागतीत, म्हणजे न नांगरता थेट पेरण्याच्या पद्धतीत, हे काम मुळे, गांडुळे आणि मातीची ओल-सूक यांच्यावर सोपवलेले असते. ती सावकाश काम करतात, म्हणून इथे ओल्या रानात मारलेली एक फेरी पुढचे कित्येक हंगाम भोवते.

खरा प्रश्न वापशाचा, म्हणजे रान यंत्र घालण्याजोगे सुकण्याचा आहे. तळहातांत घोळवलेल्या मातीची सुतळीसारखी वळी होत असेल, तर यंत्र रानात घालू नये. पेरणी दोन दिवस लांबलेली परवडते. वरच्या थरावरील दाब टायरमधील हवेवर ठरतो, खोलवरचा मुख्यतः आसावरील वजनावर. त्यामुळे रुंद टायर लावले तरी खालचा थर वाचतोच असे नाही. सैल मातीचे बहुतेक दबणे पहिल्याच फेरीत होते. मातीचा रोध सुमारे 2 मेगापास्कलपुढे गेला की मुळांची वाढ खुंटते. पाणी मुरत नाही आणि साचलेल्या ओलीत नत्र वायुरूपाने उडून जाते.

पेरणी यंत्राचा दोष वेगळा, आणि तो सहसा उशिरा लक्षात येतो. तव्याच्या, म्हणजे फिरत्या गोल पात्याने बियांसाठी फट पाडणाऱ्या यंत्राला, आधीच्या पिकाचे काड कापण्यासाठी वजन लागते. चिकण माती ओली असली की तवा फटीच्या दोन्ही कडा लिंपून टाकतो, मग मुळे आडवी न पसरता फटीतच कोंडतात. ऊन पडल्यावर फट उघडून बी उघडे पडते. न कापलेले काड फटीत दुमडले, तर बी मातीला टेकतच नाही. फणाचे यंत्र कडा कमी लिंपते, पण काडात अडकते. पंजाब-हरियाणात भातानंतर गहू पेरण्यासाठी आलेल्या ‘हॅपी सीडर’ने फणांपुढचे काड कापून ही अडचण सोडवली, त्याला मात्र साधारण 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. शिवाय तिथे चिखलणीने झालेला कठीण थर आधीच खाली असतो.

ऑस्ट्रेलियातील धान्यशेतीत जमीन दबण्यावर ठरीव चाकोऱ्यांचा उपाय रुजला आहे. सर्व यंत्रांच्या चाकांतील अंतर एकच, बहुधा 3 मीटर, ठेवतात. चाके कायम त्याच चाकोऱ्यांतून जातात आणि मधली माती अस्पर्श राहते. महाराष्ट्रातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून दबलेपण काही अंशी स्वतःच मोडते. कोकणच्या जांभ्या मातीत ही ताकद फारशी नाही. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या ‘सगुणा राइस तंत्रा’त गादीवाफे एकदाच करतात आणि साच्याने पाडलेल्या भोकांत भात टोकतात, त्यामुळे पेरणीला वाफ्यावर ट्रॅक्टर लागत नाही.