ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरच्या दगडी इमारतींमागची गोष्ट

आपल्याकडची बरीच मंडळी मुलांकडे अमेरिकेला गेली की लास वेगासहून एका दिवसात ग्रँड कॅन्यन करून येतात, आणि ते असतं वेस्ट रिम, म्हणजे २००७ साली उघडलेला काचेचा स्कायवॉक, जो मुळात नॅशनल पार्कात नाहीच, हुआलापाई या आदिवासी लोकांच्या जमिनीवर आहे. ते बघायला हरकत नाही, पण जमत असेल तर अजून दोनेक तासांचं ड्रायव्हिंग करून साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिणेकडच्या कड्यावर, जाच असं मी सगळ्यांना सांगते. दरीसाठी तर आहेच, पण कड्यावरच्या काही इमारतींसाठीसुद्धा. त्या अशा बसल्यात की आधी नजरेतच येत नाहीत, वाटतं कडाच थोडा वर आलाय.

हे सगळं सुरू झालं रेल्वेमुळे. १९०१ मध्ये सांता फे रेल्वेची लाइन साउथ रिमपर्यंत पोचली, त्याआधी लोक फ्लॅगस्टाफहून घोडागाडीत दिवसभर धक्के खात यायचे. आता गाडी भरायची तर लोकांना राहायला जागा पाहिजे, मग रेल्वेसाठी हॉटेलं चालवणारी फ्रेड हार्वे कंपनी आली आणि १९०५ मध्ये एल तोव्हार हॉटेल उघडलं. हॉटेल देखणं आहे, पण स्टाइल स्वित्झर्लंड-नॉर्वेकडची, म्हणजे ॲरिझोनाच्या लाल-पिवळ्या खडकांच्या कडेला आल्प्समधलं लाकडी घर. त्या काळी भारी हॉटेल म्हणजे युरोपसारखं, हेच डोक्यात पक्कं होतं.

आणि त्याच वर्षी, त्याच हॉटेलच्या समोर, अगदी उलटा विचार उभा राहिला तो म्हणजे होपी हाउस. ते डिझाइन केलं मेरी कोल्टर या बाईंनी, जन्म १८६९, मिनेसोटात शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या. कोल्टरबाईंनी युरोपकडे बघितलंच नाही, त्यांनी बघितलं की या वाळवंटात शेकडो वर्षं राहणारे लोक घर कसं बांधतात. होपी या तिथल्या आदिवासींच्या ओराइबी गावातल्या घरांवरून त्यांनी सपाट धाब्याची, पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत वर जाणारी दगडी इमारत आखली, शिड्या लावून वरच्या मजल्यावर जायचं, छतावर लाकडं, काटक्या, गवत आणि वर माती, कोपऱ्यातल्या चुलीचं धुराडं फुटक्या मडक्यांचं. बांधणारे बरेचसे होपीच होते. म्हणजे जुळवून घेणं वगैरे जे म्हणतात ते कागदावर सुचलेलं नाही, ते ज्यांना ती जमीन माहिती होती त्यांच्याकडून शिकलेलं आहे. त्याचबरोबर हेही खरं की होपी कुटुंबं तिथे राहून पर्यटकांसमोर विणायची, भांडी घडवायची आणि कंपनी तो माल विकायची. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात.

१९१४ मध्ये कोल्टरबाईंच्या दोन इमारती झाल्या. एक लुकआउट स्टुडिओ, अगदी कड्याच्या टोकावर, तिथल्याच कैबाब चुनखडीचे ओबडधोबड दगड, छताची रेष मुद्दाम वेडीवाकडी, त्यामुळे लांबून बघितलं तर दगड कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली कळतच नाही. दुसरी हर्मिट्स रेस्ट, म्हणजे पर्यटकांसाठी विसाव्याची जागा, पश्चिमेच्या रस्त्याच्या शेवटाला. तो रस्ता झाला त्याचंही कारण आहे, दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल पायवाटेवर राल्फ कॅमेरॉन नावाच्या माणसाचा ताबा होता आणि तो टोल घ्यायचा, म्हणून रेल्वेने आपली वेगळी वाट काढली. पुढे १९२२ मध्ये दरीच्या तळाशी फँटम रँच हे राहायचं ठिकाण झालं, तिथे दगड तिथलाच, बाकी सगळं सामान खेचरांवरून खाली.

मधल्या काळात सरकारही याच मताला आलं होतं. १९१८ मध्ये गृहखात्याच्या मंत्र्यांनी नव्या नॅशनल पार्क सर्व्हिसला पत्र लिहून धोरण सांगितलं की पार्कातली बांधकामं भूदृश्याशी मेळ खाणारी पाहिजेत (तिकडे गृहखातं म्हणजे पोलीस नव्हे, जमीन-जंगल बघणारं खातं), आणि १९१९ मध्ये ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्क झालं.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठं काम म्हणजे १९३२ मध्ये पुरा झालेला डेझर्ट व्ह्यूचा बुरूज, वॉचटॉवर. उंची ७० फूट. आत स्टीलचा सांगाडा, तो रेल्वेचे पूल बांधणाऱ्यांनी उभारला, आणि बाहेर दगड. यासाठी कोल्टरबाई होव्हनवीप, मेसा व्हर्डे अशा भागातले प्राचीन बुरूज बघत हिंडल्या, छोट्या विमानातूनसुद्धा अवशेष शोधले, मातीचं मॉडेल केलं. दगड निवडताना ऊन-पावसाने रापलेलेच घ्यायचे आणि बाहेरून दिसणारी बाजू छिन्नीने घडवायची नाही, कारण छिन्नी लागली की आतला कोरा रंग दिसतो आणि दगड नवा वाटतो. शेजारी मुद्दाम एक पडका अवशेषही बांधला. गाइड लोकांसाठी पुस्तिकाही स्वतः लिहिली आणि त्यात स्पष्ट केलं की ही कुठल्या एका बुरुजाची कॉपी नाही. आत भिंतीवर फ्रेड काबोटी या होपी चित्रकाराने त्यांची सापाची कथा रंगवलीय, ज्यात एक तरुण नदीतून खाली जातो. होड्यांतून ही दरी पार करणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेल या अमेरिकन संशोधकाची प्रसिद्ध नदीमोहीम १८६९ ची, त्याच्या कितीतरी आधीपासून होपी ही गोष्ट सांगत आलेत.

१९३५ च्या ब्राइट एंजल लॉजमध्ये एक शेकोटी आहे, ती चुकवू नका. खाली नदीतले गोटे, त्यावर दरीतले खडकांचे थर जसे आहेत त्याच क्रमाने, सगळ्यात वर कैबाब चुनखडी. बाहेर जवळजवळ दीड किलोमीटर खोल जे आहे ते इथे एका भिंतीत. मला तर आधी ही शेकोटी बघून मग कड्यावर गेलं की दरी वाचता येते असं वाटतं.

आता जी बाजू या इमारतींच्या कौतुकात राहून जाते ती. दरीत आणि कड्यावर हावासुपाई हे आदिवासी लोक पिढ्यानपिढ्या राहत, शेती करत होते. १८८२ मध्ये त्यांना ५१८ एकरात कोंडलं, पार्क झाल्यावर ब्राइट एंजल पायवाटेवरच्या त्यांच्या मळ्यांतूनही काढलं, शेवटचा रहिवासी १९२८ मध्ये गेला. म्हणजे दगड शोभतोय की नाही याची इतकी काळजी घेतली जात होती त्याच वर्षांत, तिथल्याच माणसांना जागा नव्हती. १९७५ मध्ये साधारण १ लाख ८५ हजार एकर जमीन त्यांना परत मिळाली, आणि त्या मळ्यांच्या जागेचं इंडियन गार्डन हे नाव २०२२ मध्ये बदलून हावासुपाई गार्डन्स केलं. ब्राइट एंजल पायवाटेने उतरलात तर साडेचार मैलांवर लागतं, पाण्याची बाटली तिथे भरून घ्या.