पीडिताची माहिती पोलीस ठाण्यातून फुटली, तर सोलापुरात तक्रार कुठे आणि कशी करायची

एफआयआरचा छापील नमुना एकदा नीट बघा. सहाव्या रकान्यात फिर्यादीचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, आधार किंवा इतर ओळखपत्राचा तपशील, पत्ता, व्यवसाय आणि फोन नंबर असतो. हे सगळं आपण तपासासाठी देतो. त्या पानाचा फोटो गल्लीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला, प्रेसनोटवरून मुलगी कोण ते गावाला कळलं, किंवा ठाण्यातल्याच कुणी फिर्यादी बाईच्या नंबरवर रात्री मेसेज टाकायला सुरुवात केली, तर तो पीडितावर झालेला दुसरा अन्याय आहे. त्याची तक्रार वेगळी करता येते. केस बिघडेल या भीतीने माणसं गप्प बसतात, पण मूळ गुन्ह्याचा तपास त्याच्या जागी चालूच राहतो.

तक्रार पीडित स्वतः करू शकतो. पीडित अल्पवयीन असेल तर पालक, आणि हयात नसेल तर कायदेशीर वारस करू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पीडित या शब्दाच्या व्याख्येतच पालक आणि वारस धरले आहेत.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

सगळ्यात कडक संरक्षण लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कार आणि त्याच गटातल्या गुन्ह्यांमध्ये (कलम ६४ ते ७१) पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट छापली वा प्रसिद्ध केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होतो. तपासासाठी गरजेचं असेल तर ठाणे प्रमुख किंवा तपास अधिकारी सद्हेतूने, लेखी आदेशाने ओळख उघड करू शकतो. पण त्यासाठी तो लेखी आदेश हवा, तोंडी परवानगी चालत नाही. बालकांच्या बाबतीत पॉक्सोचं (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम २४ ओळख माध्यमांपासून जपण्याची जबाबदारी थेट पोलीस अधिकाऱ्यावरच टाकतं.

निपुण सक्सेना प्रकरणात ११ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: अशा गुन्ह्यांचे एफआयआर सार्वजनिक करायचे नाहीत, आणि नाव असलेली कागदपत्रं पोलिसांनी शक्य तितकी सीलबंद पाकिटात ठेवायची. नाव टाळलं म्हणजे ओळख लपली, असंही न्यायालय मानत नाही. सोलापुरात हे फार लवकर पटतं. 'विडी घरकुलात राहणारी, अमुक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली, वडील यंत्रमाग कामगार' एवढं प्रेसनोटमध्ये आलं की पूर्व भागातल्या निम्म्या गल्ल्यांना घर सापडतं. म्हणून नाव छापलेलं नसलं तरी तक्रार करा, आणि कोणत्या तपशिलांवरून ओळख पटली ते एकेक करून लिहा.

विनयभंगाचा गुन्हा मात्र कलम ७२ मध्ये येत नाही. चोरी, फसवणूक, मारहाणही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या युथ बार असोसिएशन निकालामुळे (७ सप्टेंबर २०१६) सर्वसाधारण गुन्ह्यांचे एफआयआर वेबसाइटवर टाकले जातात. लैंगिक गुन्हे आणि पॉक्सोसह संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत. तुमचा विनयभंगाचा किंवा पॉक्सोचा एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर उघडपणे दिसत असेल, तर या निकालाचा हवाला देऊन तो काढायला सांगा. साध्या गुन्ह्यात फोन नंबर किंवा खाते क्रमांक पसरला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने मान्य केलेला खासगीपणाचा मूलभूत हक्क आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २५ खालची खातेनिहाय कारवाई, हे दोन आधार उरतात. कर्मचारी फिर्यादी बाईला तिच्या मनाविरुद्ध वारंवार संपर्क करत असेल तर प्रकरण माहिती फुटण्यापुरतं राहत नाही, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा होतो.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याबद्दल बरेच जण विचारतात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, आणि गुन्ह्याच्या तपासाला त्यात मोठी सूट आहे. अर्जाचा सगळा भार त्यावर टाकू नका.

आधी पुरावा, मग अर्ज

भांडायला ठाण्यात जाण्याआधी मोबाइल हातात घ्या. ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ एकाच चौकटीत दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. ज्याच्या फोनवर तो मेसेज आला त्याला तो डिलीट करू देऊ नका. पुढे न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं, प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते मूळ फोन हाताशी असेल तर सोपं जातं.

फोटो कशाचा आहे हे बारकाईने पाहा. एफआयआरची प्रत न्यायालयात जाते, आरोपीला मिळते, वकिलांकडे असते. न्यायालयाच्या नकलेवर शिक्का असतो. फोटोत शिक्का नसेल, कॉम्प्युटरच्या पडद्याचाच फोटो असेल, किंवा गुन्हा नोंदवल्यावर तासाभरात तो फिरला असेल, तर संशय ठाण्याकडे वळतो. ही तुलना अर्जात लिहा. पण हाताशी पुरावा नसताना कुणा हवालदाराचं नाव घेऊन आरोप करू नका. 'माहिती कुठून फुटली याची चौकशी व्हावी' एवढी मागणी पुरते, आणि ती टिकते.

अर्ज कुणाकडे

ज्या ठाण्यातून माहिती फुटली, त्याच ठाण्यात अर्ज देऊन थांबू नका. एफआयआरच्या पहिल्या रकान्यात जिल्हा लिहिलेला असतो. तिथे 'सोलापूर शहर' असेल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे: फौजदार चावडी, जेल रोड, जोडभावी पेठ, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी ही ठाणी त्यांच्याकडे आहेत. 'सोलापूर ग्रामीण' असेल तर पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ, वळसंग वगैरे. ग्रामीणच्या अर्जाची प्रत कोल्हापूर परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांनाही पाठवा.

अर्ज साध्या कागदावर चालतो. सोबत ओळखपत्राची प्रत, एफआयआरची प्रत (ती पीडिताला मोफत मिळते), स्क्रीनशॉटच्या छापील प्रती आणि पेन ड्राइव्ह, बातमी आली असेल तर कात्रण, आणि ज्यांनी मेसेज पाहिला त्यांची नावं द्या. लैंगिक गुन्ह्यात एक काळजी जरूर घ्या. तक्रार अर्जसुद्धा आवक-जावकपासून वरच्या टेबलापर्यंत अनेक हातांतून जातो. म्हणून वरच्या पत्रात फक्त ठाणं आणि गुन्हा क्रमांक लिहा, नाव आणि पुरावे वेगळ्या सीलबंद पाकिटात घाला आणि पाकिटावर 'गोपनीय' लिहा.

मजकूर असा ठेवता येईल:

'मी वरील गुन्ह्यातील पीडित आहे. दि. … रोजी … वाजता … या ग्रुपवर सदर गुन्ह्याच्या एफआयआरचे छायाचित्र प्रसारित झाले. त्यातून माझी ओळख उघड झाली आहे. विनंती अशी की, १) सदर मजकूर तातडीने हटविण्याची कारवाई व्हावी, २) सदर माहिती कोणामार्फत बाहेर गेली याची चौकशी त्या पोलीस ठाण्याबाहेरील अधिकाऱ्याकडून व्हावी, ३) दि. … ते … या काळातील ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रीकरण व संगणक प्रणालीतील वापराची नोंद जतन करावी, ४) दखलपात्र गुन्हा आढळल्यास नोंद करून मला प्रत द्यावी.'

तिसरी मागणी विसरू नका. परमवीरसिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतलं चित्रीकरण १८ महिने, आणि तशी सोय नसेल तिथे किमान एक वर्ष, जपून ठेवायला सांगितलं आहे. वेळेत मागितलं नाही तर ते पुसलं जातं.

दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. कुणी 'ठेवून जा, साहेबांना देतो' म्हटलं तर ठेवून येऊ नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

दाद लागली नाही तर

महिनाभरात काही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, एकच विषय घ्यायचा आणि १५० शब्दांच्या आत लिहायचं. माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर रोज काय कारवाई झाली, तो कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, चौकशी अहवालाची प्रत, एवढंच विचारा. 'तपास सुरू आहे' एवढं एकच कारण देऊन नकार आला तर पहिलं अपील करा. नुसता तपास चालू असणं हे नकाराचं कारण होत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलं आहे.

पोलिसांबाहेरचे दोन दरवाजे आहेत. एक पुण्याचं विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरण, ज्याच्या क्षेत्रात सोलापूर येतं. तिथे कायद्याचं गंभीर उल्लंघन किंवा अधिकाराचा गैरवापर या सदराखाली तक्रार जाते. अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडलेलं बरं. दुसरा राज्य मानवी हक्क आयोग: फी नाही, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत जायला हवं.

कलम ७२ सारखा दखलपात्र गुन्हा असूनही नोंद होत नसेल, तर वरिष्ठांकडे अर्ज केल्याची पोच आणि शपथपत्र घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली जाता येतं. पोलीस कर्मचारी लोकसेवक असल्याने न्यायालय आधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल आणि त्याचं म्हणणं मागवू शकतं, तेवढा वेळ धरून चला. धमकी येत असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेत वेगळा अर्ज होतो. तो जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातो आणि त्यात ओळख गुप्त ठेवण्याचा आदेशही मागता येतो.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला, बालकं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. उच्च न्यायालयात याचिका करायची वेळ आली, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.